सगळ्याईले सारखंच

दुर्पता मडावीने मला आयुष्यात चार वेळा थोबाडीत मारली. चारही वेळा तिचं उत्तर बरोबर होतं आणि माझं चूक. पहिली बसली तेव्हा मी नववीत होते. कानात बराच वेळ शिट्टी वाजत राहिली, डोळ्यांतून आपोआप पाणी आलं, आणि त्या पाण्यातून मला दिसलं की ती माझ्याकडे बघतसुद्धा नाही, ती पुढच्या मुलीकडे वळली आहे. मारण्याआधीची तिची एक सवय होती. उजवा तळवा कमीजला पुसायचा आणि समोरच्या मुलीला हळू आवाजात सांगायचं, "दात दाबून ठेव. जीभ चावशील." दात दाबलेत हे पाहूनच तिचा हात उठायचा.

हा काय प्रकार होता ते आधी सांगायला हवं, नाहीतर दुर्पता कुणीतरी दांडगट मुलगी होती असं वाटेल. आमची शाळा देवरीच्या अलीकडे, महामार्गाला लागून. गणिताला हरिणखेडे सर होते. चांगलं शिकवायचे, हे आजही कबूल करावं लागतं. मुलांना ते स्वतः बडवायचे, पट्टीने, डस्टरने, हाताला येईल त्याने. मुलींवर मात्र त्यांनी कधी हात उचलला नाही आणि याचा त्यांना भारी अभिमान. पोरीच्या अंगाला हात लावणं आपल्या संस्कारात बसत नाही, असं ते पालकसभेत सांगायचे आणि पालक माना डोलवायचे. मग मुलींचं काय, तर त्यासाठी त्यांची वेगळी पद्धत होती. फळ्यावर उदाहरण घालायचं. जिला येत नाही तिने उभं राहायचं. जिला येतं तिने ते सोडवून दाखवायचं आणि उभ्या असलेल्या प्रत्येक मुलीला एकेक थापड द्यायची. सर खुर्चीत बसून बघत. हात हलका पडला तर म्हणत, "माशी हाकलून राहिली का? परत मार." हे ते कोणाच्या वेळी म्हणतील आणि कोणाच्या वेळी त्यांना खिडकीबाहेर काहीतरी दिसेल, हेही आम्हाला चांगलं ठाऊक होतं.

पुढच्या बाकांवर आम्ही पोवारांच्या मुली बसायचो. घरी धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, अंगणात ट्रॅक्टर, शाळेच्या संस्थेत कुणाचा काका तर कुणाचा आजोबा. मागे खिडकीपाशी होस्टेलच्या मुली. शाळेच्या भिंतीला लागूनच आदिवासी मुलींचं वसतिगृह होतं, तिथे आतल्या गावांतल्या गोंडांच्या मुली राहायच्या. शनिवारी सफाई असायची. होस्टेलच्या मुली वर्ग झाडायच्या, मुतारी धुवायच्या, आम्ही दारात रांगोळी काढायचो आणि मुलगे कबड्डी खेळायचे. कुणी वाटून दिलं होतं असं नाही. घंटा झाली की ज्याचे त्याचे पाय आपापल्या ठिकाणी जायचे.

सहावीपासून आठवीपर्यंत उत्तर बहुधा माझं असायचं, नाहीतर श्वेताचं. श्वेता संस्थेच्या सचिवांची मुलगी, माझी जिवलग. आमचे हात कसे चालायचे तेही सांगते, आता लपवून काय मिळणार? समोर मैत्रीण असली की बोटांची टोकं गालाला लावायची आणि दोघींनी ओठ आवळून हसू दाबायचं. समोर होस्टेलची असली की अख्खा तळवा. आवाज आला पाहिजे. मला हे कुणी शिकवलं नव्हतं. दुर्पताला मी तीन वर्षांत कितीदा मारलं असेल देव जाणे. ती बुटकी, रुंद मनगटांची, तेल लावून घट्ट दोन वेण्या घातलेली. थापड खाल्ली की डोळे मिटायची, उघडायची आणि पुन्हा फळ्याकडे बघायला लागायची. एकदा मधल्या सुट्टीत मी तिला विचारलं होतं, रोज उभं राहायची लाज नाही वाटत? तिने साधेपणाने सांगितलं, "उभ्यानं फळा चांगला दिसते. बसलं का तुमची डोकी आडवी येतेत."

ती चेष्टा नव्हती. तीन वर्षं मार खात उभ्या उभ्या ही मुलगी गणित शिकत होती, आणि आम्हाला वाटत होतं की हिला काहीच कळत नाही.

नववीच्या पावसाळ्यात सरांनी अवयव पाडायचं एक वाकडं उदाहरण घातलं. मी अडले, अर्धा वर्ग उभा. मागून दुर्पता चालत आली, सरांच्या हातून खडू घेतला आणि पाच ओळींत उदाहरण मोकळं केलं. सरांनी वरून खाली, खालून वर तपासलं. चूक सापडेना. मग तिने तळवा कमीजला पुसला आणि पहिल्या बाकापासून सुरुवात केली. मला मारलं. श्वेता त्या दिवशी नशिबाने शाळेत नव्हती. शेवटी मागच्या बाकावर तिची खोलीतली सोबतीण सगनबाई उभी होती, तिच्याच गावची, एका ताटात जेवणारी. आम्हाला वाटलं आता बोटं लावून सोडेल. तिलाही तशीच बसली, तोच हात, तोच आवाज. सगन संध्याकाळपर्यंत रडत होती.

मला राहवलं नाही. हातपंपाशी गाठून मी दुर्पताला विचारलं की सगनला तरी कायले एवढ्या जोरात मारलंस.

"सगळ्याईले सारखंच पडलं पायजे," ती म्हणाली. "कमीजास्त केलं का मंग ते मारनं होते."

मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही, फक्त राग आला. घरी गाल दाखवला तर आई चिडली. चारच दिवसांपूर्वी, रविवारी, दुर्पता आणि तिची आई आमच्या बांधीत रोवण्याला, म्हणजे भातलावणीला, आल्या होत्या. मी धुऱ्यावर, बांधाच्या कोरड्या कडेला, छत्री धरून उभी होते आणि ती गुडघाभर चिखलात वाकून भाताचे परे लावत होती. आई पोवारीत म्हणाली, "आपलो बांधीमा रोवणा करसे अना तोलाच मारसे?" आपल्याच बांधीत रोवणी करते आणि तुलाच मारते? पुढच्या रविवारी त्या मायलेकींना रोवण्याला बोलावलं नाही. दुर्पताने त्याबद्दल मला कधी एक शब्द विचारला नाही आणि पुढच्या आठवड्यात उत्तर चुकल्यावर दुसरी थापड दिली. जोर तेवढाच, ना कमी ना जास्त.

सरांची मोठी पंचाईत झाली. नियम त्यांचाच, मोडावा कसा? ते तिचं उत्तर आलं की घड्याळ बघायला लागले. असू दे, आज वेळ झाला, बसा सगळ्या. आम्ही बसायला लागलो की दुर्पता फळ्यापाशीच उभी राहून म्हणायची, "सर, थापडा राहिल्या." मुलांच्या बाकांवर हशा पिकायचा. सरांचे कान लाल व्हायचे. मला वाटतं, त्या हशाचीच किंमत तिला पुढे मोजायला लावली.

तिला कशाची घाई होती ते आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, कारण ती कुणालाही सांगायची. दहावी पास व्हायचं. तिच्या गावातून एकही मुलगी दहावी झाली नव्हती. पुढे काय, असं विचारलं तर म्हणायची, "आदी दहावी. पुढचं पुढं." दहावीचा फॉर्म भरायला लागणारा फोटो तिने नववीतच काढून ठेवला होता आणि तो भूमितीच्या पुस्तकात दाबून ठेवला होता.

दहावीची दिवाळी झाली. शाळा उघडल्यावर तिसऱ्या का चौथ्या दिवशी सरांनी उदाहरण घातलं आणि श्वेता उभी राहिली. मीही उभी होते, माझी ती चौथी वेळ. मला मारून दुर्पता श्वेतासमोर गेली. याआधी श्वेता सापडली नव्हती. उत्तर येत नसेल त्या दिवशी तिचं पोट दुखायचं. दुर्पताने तळवा पुसला. दात दाबून ठेव म्हणाली. श्वेताने दात दाबले नाहीत. ती म्हणाली, "हात तर लावून पाहा, जंगली कुठली, तुझ्या बापाला..." पुढचं काय होतं ते कळलंच नाही, कारण मध्येच थापड बसली. तोंड उघडं होतं. जीभ दातांत सापडली. श्वेताच्या हनुवटीवरून रक्त उतरलं आणि पांढऱ्या ओढणीवर पसरलं. दुर्पताचा चेहरा पहिल्यांदाच घाबरलेला दिसला. तिने स्वतःची ओढणी काढून श्वेताच्या तोंडाला लावायला हात पुढे केला, तो श्वेताने झिडकारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेआधी सचिवांची जीप होस्टेलच्या फाटकापाशी येऊन थांबली. सचिव आणि त्यांचा भाऊ आतच बसून राहिले. बायकांच्या भानगडीत पुरुषांनी पडू नये, असं ते ड्रायव्हरला सांगत होते, मी सायकल लावताना ऐकलं. उतरल्या त्या श्वेताची आई, काकू आणि मामी. सायकलींच्या शेडजवळची भिंत कमरेएवढी होती. आम्ही दहा-बारा जणी तिथून सगळं पाहिलं, आणि एकही जागची हलली नाही.

दुर्पता हातपंपावर कपडे धूत होती. काकूने मागून दोन्ही वेण्या एकत्र धरून तिला खेचलं, ती पाठीवर पडली. मामीने चपलेने तोंडावर मारायला सुरुवात केली. श्वेताच्या आईला मी लहानपणापासून ओळखत होते. त्या मला घरी गेल्यावर अनारसे द्यायच्या, त्यांचा आवाज कधी चढलेला ऐकला नव्हता. त्या दिवशी त्या दुर्पताच्या पोटावर गुडघा रोवून बसल्या होत्या आणि विचारत होत्या, कोणता हात, कोणत्या हातानं मारलंस? दुर्पताने उजवा हात वर केला. विचारलं म्हणून दाखवला. त्यांनी तो हात हातपंपाच्या ओट्यावर दाबून धरला, काकूने कपडे बडवायची लाकडी मोगरी उचलली आणि तीनदा मारली. पहिल्या वेळी दुर्पता ओरडली. नंतर तिचा आवाज आला नाही, फक्त पाय घासत राहिले. बादली उलटली आणि साबणाच्या पाण्यातून रक्ताचा ओघळ मोरीकडे गेला. होस्टेलच्या बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी आत जाऊन दार लावून घेतलं.

दुपारी होस्टेलच्या वहीत नोंद झाली की मुलगी हातपंपावर घसरून पडली.

पण शाळेत बोभाटा झाला होता, आणि श्वेताची ओढणीही सगळ्यांनी पाहिली होती. मुख्याध्यापकांनी चौकशी लावली. चौकशी मारहाणीची नव्हती, थापडेची होती. आम्हा मुलींना वर्गात बसवून एकेक कोरा कागद दिला आणि जे घडत होतं ते खरं खरं लिहा, सर मारायला सांगतात का तेही लिहा, एवढंच सांगून ते बाहेर गेले. त्यांनी धमकावलं नाही, खुणावलंही नाही. हरिणखेडे सर दाराशी उभे राहून चष्मा पुसत होते. दुर्पताला मागच्या बाकावर आणून बसवलं होतं. ओठ फाटलेला, उजवा हात हळद लावून फडक्यात गुंडाळलेला. दोन बोटं भलतीकडेच वळली होती.

मी लिहिलं: सर कधीच कोणाला मारायला सांगत नाहीत. दुर्पता मडावी स्वतःच्या मनाने मुलींना मारते. दोन ओळी, सुवाच्य अक्षर. मग माझ्या शेजारणीने मान तिरकी केली, तिच्या मागच्या मुलीने तिच्या खांद्यावरून पाहिलं, आणि परीक्षेत उत्तरं पसरायची तशा त्या दोन ओळी बाकामागून बाक मागे गेल्या. होस्टेलच्या मुलींपर्यंत गेल्या. सगननेही त्याच लिहिल्या. सगळ्या वर्गाच्या कागदांवर शब्दाला शब्द तेच होतं.

फक्त एक कागद वेगळा होता. दुर्पताने डाव्या हाताने मोठी वेडीवाकडी अक्षरं काढली होती. तो कागद मुख्याध्यापकांनी तिच्या बापासमोर आणि आम्हा दोघी-तिघी साक्षीदारांसमोर वाचून दाखवला: मी मारलं. सर म्हणाले म्हणून मारलं. जोर माझ्या मनाचा होता. मुख्याध्यापकांनी शेवटची ओळ पुन्हा वाचली आणि बापाला विचारलं, ऐकलं ना, पोरगी स्वतःच कबूल करून राहिली. बाप हात जोडून उभा होता. तब्येत सुधारेपर्यंत घरी न्या, मुख्याध्यापक म्हणाले. सोबत शाळा सोडल्याचा दाखलाही दिला. तो त्या माणसाला वाचता येत नव्हता. दुर्पताला येत होता. तिने तो दोनदा वाचला आणि एकच विचारलं, "फॉरम भरायले कधी येऊ?"

कळवू, असं मुख्याध्यापक म्हणाले. कुणी काही कळवलं नाही. मला दहावीला गणितात चांगले मार्क पडले, श्वेताचं लवकर लग्न झालं, हरिणखेडे सर सत्कार घेऊन निवृत्त झाले. मी सुरुवातीला फार रडले असं लिहायला मला आवडलं असतं. खरं म्हणजे मला हायसं वाटलं होतं.

मी शिक्षिका झाले. गेल्या वर्षी माझी बदली देवरीच्या आत जंगलातल्या एका जिल्हा परिषद शाळेत झाली. जूनमध्ये प्रवेश चालू होते. एक बाई आठ वर्षांच्या मुलीला घेऊन दारात उभी राहिली, नमस्ते मॅडम म्हणाली आणि दाखला टेबलावर ठेवला. ठेवताना तिची वाकडी बोटं पाहिली आणि मी मान वर केली. तिनेही मान वर केली. मी खुर्चीत, ती उभी. मॅडम म्हणणं तिथेच संपलं.

"निशा," ती म्हणाली. "तू शिकवतं इथं?"

मी उठले, बस म्हणाले, पाणी दिलं. ती बसली नाही. तिने दाखला परत उचलला आणि मुलीचा हात धरून वळली. दुसरी शाळा नाल्यापलीकडे, पावसाळ्यात वाट बंद. मी मागे धावले. मी माफी मागितली, नीट, हात जोडून. तिने ऐकून घेतली.

"मंग?" ती म्हणाली. "मी काय करू माफीचं? लिवून दे. मंग पोरगी देतो."

मी कागद घेतला. लिहिलं की त्या वेळी आम्ही मुलींनी चौकशीत खोटं लिहिलं होतं आणि त्यामुळे दुर्पतावर अन्याय झाला. तिने कागद उजेडाकडे धरून हळूहळू वाचला. मग टेबलावर ठेवून एका वाकड्या बोटाने माझ्याकडे सरकवला.

"बाकीच्याईनं तुयं पाहून लिवलं," ती म्हणाली. "तू कोनाचं पाहून लिवलं?"

तिच्या आवाजात राग असता तर मी रडून मोकळी झाले असते. तिला खरंच उत्तर हवं होतं. आणि उत्तर मला तेव्हापासून माहीत होतं. मला सरांची भीती नव्हती, सचिवांची नव्हती, घरून कुणी बजावलं नव्हतं. सर मारायला सांगतात हे लिहिलं असतं तर मी कुणाला कसं मारत होते हेही निघालं असतं. श्वेताच्या गालाला बोटांची टोकं आणि हिच्या गालावर अख्खा तळवा. तेवढं झाकायला मी तिची दहावी घेतली होती.

दुसरा कागद घेतला. सर आम्हाला मारायला सांगत. मीही मारत होते, होस्टेलच्या मुलींना जास्त जोराने. दुर्पता सगळ्यांना सारखं मारत होती. चौकशीत मी खोटं लिहिलं. मला कुणीही सांगितलं नव्हतं, मी कुणाचं पाहिलं नव्हतं. खाली पूर्ण नाव, सही. तिने वाचलं आणि शिक्का मार म्हणाली. असल्या कागदावर शाळेचा शिक्का चालत नाही, हे मला माहीत होतं. मारला.

तिने कागदाची घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवली आणि मुलीचा हात सोडला. मुलगी हुशार आहे, तिसरीत आहे, आणि बसायला तिला पुढचा बाक दिला आहे. दर शनिवारी शाळा सुटायच्या वेळी दुर्पता येते. माझ्याशी बोलत नाही. मुलीची हनुवटी धरून तिचं तोंड उन्हाकडे वळवते, आधी एक गाल, मग दुसरा, नीट पाहते, आणि मी बाजूला उभी राहून तिचं पाहून होईपर्यंत थांबते.